रणभूमीवरील धावती रुग्णशाला : दोमिनिक-जाँ लारे

ऑगस्ट २००५ मध्ये आपल्या हैदराबाद शहरात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका प्रथम सुरू झाली आणि पुढे ती देशाच्या अनेक राज्यांत पोहोचली. दूरध्वनी करावा, गाडी दाराशी यावी आणि रुग्णालय गाठण्यापूर्वी गाडीतच उपचारांना आरंभ व्हावा, ही व्यवस्था आता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचाही कोणी मूळपुरुष असेल, असा विचार सहसा मनात येत नाही. या मूळपुरुषाचा शोध घेऊ लागल्यास आपण कोणत्याही नगरातील रुग्णालयापाशी न थांबता दोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वीच्या युरोपातील रणभूमीवर जाऊन पोहोचतो. नेपोलियनची चरित्रे मराठी वाचकाने आवडीने वाचली आहेत. परंतु त्याच्या सैन्याचे शस्त्रवैद्य दोमिनिक-जाँ लारे यांचे नाव त्यांत आलेच तर ओझरते येते.

लारे यांचा जन्म ८ जुलै १७६६ रोजी फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या कुशीतील बोदेआँ या खेड्यात झाला. तेराव्या वर्षी पोरके झालेल्या या मुलास तुलूज येथील शस्त्रवैद्य असलेल्या काकांनी आश्रय दिला व आपली विद्याही दिली. पुढे काही काळ नौदलाच्या जहाजावर शस्त्रवैद्य म्हणून ते न्यूफाउंडलंडपर्यंत जाऊन आले. पण समुद्र त्यांना मानवला नाही. पॅरिसमध्ये देसो या विख्यात शस्त्रवैद्याच्या हाताखाली शिकत असतानाच १७८९ची राज्यक्रांती उसळली आणि १७९२ मध्ये लारे ऱ्हाईन नदीवरील सैन्यात दाखल झाले.

तेथे त्यांनी जे पाहिले त्याने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. वैद्यकीय पथकाने लढाईपासून एक लीग, म्हणजे सुमारे अडीच मैल, मागे राहावे असा त्या काळी नियम होता. जखमींना गोळा करण्याचे काम लढाई संपल्यावर सुरू होई. अवजड गाड्या चिखलातून वाट काढीत येईपर्यंत कधी एक दिवस उलटे, कधी त्याहूनही अधिक. आणि तोवर ज्यांना वाचविता आले असते असे कितीतरी जीव रक्तस्रावाने जागीच संपलेले असत. आपल्या बखरकारांनी लढाईची वर्णने मोठ्या रसाळपणे केली आहेत. पण लढाईनंतरच्या रात्री त्या मैदानावर काय चालले असेल, याविषयी त्यांची लेखणी बहुधा मौन पाळते. लारे यांनी ती रात्र पाहिली होती.

सैन्यात घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा विजेच्या वेगाने जागा बदलीत असत. तोफ जर एवढ्या त्वरेने जाऊ शकते तर वैद्याने का जाऊ नये, हा विचार लारे यांना सुचला. त्यातून त्यांची उडती रुग्णपथके जन्मास आली. इटलीच्या मोहिमेत १७९७ मध्ये या पथकाला पूर्ण रूप मिळाले. त्याचे तीन विभाग, एकूण ३४० माणसे आणि प्रत्येक विभागात १२ हलक्या व ४ जड गाड्या होत्या. हलकी गाडी दोन चाकांची व दोन घोड्यांची. आत दोन जखमी आडवे झोपू शकत. बाजूंना गादीचे अस्तर, हवेसाठी लहान खिडक्या आणि आतील बिछान्याला खाली लहान चाके, म्हणजे जखमीस न हिंदकळविता तो आत सरकविता येई. इजिप्तच्या वाळवंटात गाड्या चालेनात, तेव्हा त्यांनी उंटांच्या दोन्ही बाजूंस पेट्या बांधून त्यांतून जखमी नेले.

गाडीपेक्षाही मोठी गोष्ट होती ती उपचारांच्या क्रमाची. ज्याची जखम अधिक घातक त्याच्याकडे प्रथम पाहावयाचे. तो सेनापती आहे की साधा शिपाई, हे पाहावयाचे नाही, असा त्यांचा दंडक होता. हाती लागलेला शत्रूही त्यांच्या दृष्टीने जखमीच होता. सैन्यासारख्या उतरंडीच्या जगात हे आचरणे किती अवघड असेल, याची कल्पना करावी. अवयव कापणे अटळ असेल तर ते पहिल्या चोवीस तासांतच करावे, जखम नासू लागण्याची वाट पाहू नये, असा त्यांचा अनुभवसिद्ध आग्रह होता. जंतूंचे ज्ञान व भूल देण्याचे साधन नसलेल्या त्या काळात, ७ सप्टेंबर १८१२च्या बोरोदिनोच्या लढाईत त्यांनी चोवीस तासांत सुमारे दोनशे अवयवच्छेद केले असे नोंदलेले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर बेरेझिना नदीवरील पुलांवर पळत्या सैन्याची चेंगराचेंगर झाली, तेव्हा उपाशी, गारठलेल्या शिपायांनी लारे यांना ओळखले आणि डोक्यांवरून, हातोहात, पैलतीरी पोहोचविले.

परंतु लारे यांची खरी परीक्षा पुढील वर्षी झाली. मे १८१३ मध्ये बाउट्झेनच्या लढाईनंतर हाताला व बोटांना जखमा झालेले कोवळे रंगरूट मोठ्या संख्येने आढळले. रणातून सुटका व्हावी म्हणून यांनी स्वतःच स्वतःला जखमा करून घेतल्या, असे सेनापतींनी सम्राटाच्या मनात भरविले. आरोप सिद्ध होता तर शिक्षा मृत्यूची होती. चौकशीचे काम लारे यांच्याकडे आले. सम्राटाला कोणते उत्तर हवे आहे हे उघड होते. लारे यांनी ड्रेसडेन येथे अडीच हजारांहून अधिक जखमींची एकेक करून तपासणी केली आणि एकाही शिपायाविरुद्ध पुरावा नाही, असा लेखी निर्वाळा दिला. रांगा करून गोळीबार करताना मागच्या अननुभवी शिपायाची गोळी पुढच्याच्या उचललेल्या हाताला लागते, हे कारण त्यांनी दाखवून दिले. नेपोलियन प्रथम संतापला. पण मागाहून त्याने लारे यांना रत्नजडित चित्र, सुवर्णनाणी व निवृत्तिवेतन पाठविले. प्रस्तुत लेखकास लारे यांच्या साऱ्या शस्त्रक्रियांपेक्षा हा एक कागद मोलाचा वाटतो.

तरीही एक कोडे उरतेच. इतक्या करुणाशील माणसाने, ज्याच्या महत्त्वाकांक्षेने त्या जखमा घडविल्या त्याचीच साथ शेवटपर्यंत का करावी? लारे यांची निष्ठा आंधळी होती असे म्हणवत नाही, कारण ड्रेसडेनला ती डोळस ठरली. आणि तरी ते वॉटर्लूपर्यंत गेले. १८ जून १८१५ रोजी तेथे ते घायाळ होऊन प्रशियन सैन्याच्या हाती सापडले. त्यांना गोळ्या घालण्याची आज्ञाही झाली. ऐन वेळी एका प्रशियन वैद्याने, ज्याने त्यांची व्याख्याने ऐकली होती, त्यांना ओळखले. सेनापती ब्ल्यूखर याच्या जखमी मुलावर लारे यांनी पूर्वी उपचार केले होते आणि त्याची आठवण ठेवून त्याने त्यांना सन्मानाने सोडले, असे चरित्रकार सांगतात.

नव्या राजवटीत त्यांची पदे व वेतन गेले. निवृत्तिवेतन १८१८ मध्ये परत मिळाले. सेंट हेलेना येथे मृत्युपत्र करताना नेपोलियनने त्यांच्यासाठी एक लाख फ्रँक ठेवले आणि आपल्या पाहण्यातील सर्वांत सदाचारी मनुष्य म्हणून त्यांचा गौरव केला. डिसेंबर १८४० मध्ये सम्राटाचे अवशेष पॅरिसला आले, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे लारे कडाक्याच्या थंडीत जुना गणवेश चढवून त्यामागून पायी चालले.

१८४२ मध्ये अल्जीरियातील लष्करी रुग्णालयांच्या पाहणीवरून परतताना ते आजारी पडले आणि २५ जुलै रोजी लियाँ येथे वारले. त्यांची चित्रकार पत्नी शार्लोत तीनच दिवस आधी पॅरिसजवळ निवर्तली होती. ती वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत विसावलेले त्यांचे अवशेष १९९२ मध्ये, दीडशे वर्षांनी, आँव्हालिद येथे हलविण्यात आले. जखमी व वृद्ध सैनिकांसाठी बांधलेल्या त्याच वास्तूत नेपोलियनचीही समाधी आहे.