स्वराज्याची कुलमाता : महाराणी येसूबाई

एकत्र कुटुंबाची पेढी कशावर टिकते, हा प्रश्न व्यापारात चाळीस वर्षे घालविल्यावर मनात वारंवार येतो. भांडवल हवे, पत हवी, कर्ती माणसे हवीत, हे खरेच. परंतु संकटाच्या दिवशी स्वतःचा वाटा बाजूला ठेवून घर राखणारे एक वडीलधारे माणूस घरात लागते, आणि बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे घरातील ज्येष्ठ स्त्री असते. दुकानाच्या पाटीवर तिचे नाव नसते आणि खातेवहीत तिच्या नावाचे पान नसते; तरीही पुढच्या पिढीच्या हाती जे येते, ते तिने राखलेले असते. अशा मातांचे स्मरण करताना आपल्या सातारच्या मातीशी ज्यांचे अखेरचे नाते जडले, त्या महाराणी येसूबाईंचे चरित्र डोळ्यांसमोर उभे राहते.

येसूबाई या कोकणातील शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांच्या कन्या. शिवछत्रपतींनी शिर्के घराण्याशी दुहेरी सोयरीक केली. येसूबाई थोरले पुत्र संभाजीराजे यांच्या पत्नी म्हणून भोसले कुळात आल्या आणि शिवरायांची कन्या राजकुंवरबाई येसूबाईंचे बंधू गणोजी यांना दिली गेली. जिजाऊसाहेबांची नातसून होण्याचे भाग्य त्यांना लाभले. ज्या घरात त्या वाढल्या, त्या घरात राज्यकारभार हा रोजच्या बोलण्याचा विषय होता. त्यामुळे पुढे संभाजीराजे छत्रपती झाले आणि मोहिमांमुळे सतत गडाबाहेर राहू लागले, तेव्हा रायगडावरील कारभाराचा मोठा भार येसूबाईंनी उचलला. त्यांच्या नावाची स्वतंत्र मुद्रा होती, एवढ्यावरूनच पतीचा त्यांच्यावर किती विश्वास होता, हे ध्यानात येते. १८ मे १६८२ रोजी माणगावजवळ गांगवली येथे त्यांच्या पोटी पुत्र जन्मला. तोच पुढे छत्रपती शाहू महाराज म्हणून प्रसिद्ध झाला.

सुखाचे दिवस थोडेच होते. औरंगजेब बादशहा प्रचंड सैन्यासह दक्षिणेत उतरला होता. वतनाच्या वादातून माहेरची माणसे मोगलांकडे गेली होती. सासर आणि माहेर एकमेकांविरुद्ध उभे राहिल्याचे दुःख काय असते, हे ज्या घरांनी अनुभवले आहे, त्यांना वेगळे सांगावयास नको. अशातच १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे संभाजीराजे मोगलांच्या हाती सापडले आणि ११ मार्च रोजी त्यांची क्रूरपणे हत्या झाली. रायगडास मोगलांचा वेढा पडला. गडावर येसूबाई होत्या, सात वर्षांचे शाहू होते आणि एकोणीस वर्षांचे दीर राजाराम महाराज होते.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा, अशी विनंती आहे. एखाद्या पेढीचा कर्ता पुरुष अकाली जातो आणि मागे विधवा पत्नी व अज्ञान मुलगा राहतो, तेव्हा जगरहाटी काय असते? मुलाचा हक्क आधी कागदावर यावा, त्याचा वाटा आधी निराळा व्हावा, असेच कोणत्याही मातेस वाटेल, आणि त्यात गैरही काही नाही. येसूबाईंच्या हाती त्या वेळी सर्व अधिकार होता. थोरल्या शाखेचा वारस त्यांच्या मांडीवर होता. तरीही त्यांनी पाहिले की, सात वर्षांच्या मुलाच्या नावावर हे युद्ध चालणार नाही. सैन्याला फिरता, लढता राजा हवा. म्हणून राजाराम महाराजांचे मंचकारोहण झाले आणि त्यास त्यांनी मनापासून संमती दिली. त्यापुढचा निर्णय अधिक कठीण होता. सर्व राजघराणे एकाच गडावर सापडले, तर राज्य संपणार, हे ओळखून राजाराम महाराजांनी गड सोडून निघून जावे आणि आपण शाहूंसह मागे राहून गड लढवावा, असे ठरले. एप्रिल १६८९ मध्ये राजाराम महाराज वेढ्यातून निसटले आणि पुढे दक्षिणेत दूर जिंजीपर्यंत पोहोचले. येसूबाईंनी नोव्हेंबरपर्यंत रायगड राखला. अखेर गड पडला आणि माता-पुत्र बादशहाच्या कैदेत गेले.

राज्याची शाखा वाचावी म्हणून स्वतःचे मूल घेऊन मागे थांबणे हा व्यवहार कोणत्याही हिशेबाच्या वहीत मांडता येणार नाही.

पुढील सतरा-अठरा वर्षे त्यांचा मुक्काम बादशहाच्या छावणीबरोबर फिरत राहिला. शाहूंना सात हजारी मनसब मिळाली, मान मिळाला, परंतु कैद ती कैदच. बादशहाची कन्या झीनतुन्निसा बेगम हिने या मायलेकांना ममतेने वागविले, हेही कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. माणुसकीला धर्माची किंवा पक्षाची सीमा नसते. परंतु संकटे थांबली नाहीत. शाहूंच्या धर्मांतराचा आग्रह बादशहाने धरला, तेव्हा सरनोबत प्रतापराव गुजर यांच्या खंडेराव व जगजीवन या पुत्रांनी ते स्वतःवर ओढवून घेतले आणि शाहूंना वाचविले. ही गोष्ट १७०३ सालची. खर्चाची ओढाताण तर नित्याचीच होती. कैदेतून चिंचवडच्या देवांना त्यांनी पाठविलेल्या पत्रव्यवहारात कर्जाची काळजी दिसते. छत्रपतींची राणी, आणि तिला देण्या-घेण्याची चिंता! परंतु परमुलखात, शत्रूच्या पहाऱ्यात, आश्रित माणसांचे पोट सांभाळून मुलाला आपल्या कुळाचे वळण लावणे, हे काम त्यांनी अखंड केले. बादशाही छावणीत वाढलेला मुलगा पुढे सातारच्या गादीवर बसून मराठी मुलखाचा राजा म्हणून शोभला, यात त्या शिकवणुकीचा वाटा केवढा असेल!

आपल्या माणदेशाचाही या कथेशी एक धागा जुळतो. बादशहाची मुख्य छावणी चार वर्षांहून अधिक काळ मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे होती. पुढे सातारचा किल्ला घेऊन परतताना बादशहाचा तळ माण नदीच्या काठी खवासपूरला पडला. एरवी वाळूच्या पात्राने ओळखली जाणारी आपली माणगंगा १७०० सालच्या ऑक्टोबरच्या प्रारंभी अशी दुथडी वाहिली की, छावणीत एकच हाहाकार उडाला. त्या गडबडीत बादशहाच्या पायास दुखापत होऊन तो कायमचा अधू झाला. दुष्काळी म्हणून ज्या नदीकडे आपण पाहतो, तिने एका रात्री केवढे काम केले, असे म्हसवड-दहिवडीकडील जुनी माणसे अभिमानाने म्हणाली, तर त्यांना दोष देता येणार नाही.

३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ औरंगजेबाचा मृत्यू झाला. उत्तरेकडे निघालेल्या शाहजादा आझमने वाटेत शाहूंना सोडले, परंतु त्यांच्या वर्तनाची हमी म्हणून येसूबाई, शाहूंची पत्नी सावित्रीबाई, सावत्र बंधू मदनसिंग आदी मंडळी ओलीस ठेवून घेतली. पंचवीस वर्षांचा मुलगा स्वदेशी निघाला आणि माता मागे राहिली. रायगडावर त्या दिरासाठी मागे राहिल्या होत्या. आता पुत्रासाठी राहिल्या. १२ जानेवारी १७०८ रोजी सातारा येथे शाहूंचा राज्याभिषेक झाला. ज्या दिवसासाठी त्यांनी आयुष्य वेचले, तो दिवस त्यांना पाहता आला नाही. त्या वेळी त्या दूर उत्तरेत होत्या, आणि ही ताटातूट बारा वर्षे चालली.

शाहू महाराज मातेला विसरले नव्हते. १७१८ साली सय्यद हुसेन अली याच्याशी जो करार झाला, त्यात स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदांबरोबर राजपरिवाराची सुटका हे महत्त्वाचे कलम होते. बादशहा फर्रुखसियरने करार मान्य करण्याचे नाकारले, तेव्हा पेशवे बाळाजी विश्वनाथ सय्यदांबरोबर फौज घेऊन दिल्लीस गेले. फेब्रुवारी १७१९ मध्ये फर्रुखसियर पदच्युत झाला. त्या दंगलीत दिल्लीच्या रस्त्यांवर शेकडो मराठे कामी आले. नाना फडणवीसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू हे त्यांपैकीच एक होत. एका मातेच्या सुटकेसाठी किती घरांतील माता पुत्रांना पारख्या झाल्या, याचेही स्मरण ठेवणे आपले कर्तव्य आहे. सनदा हाती आल्या आणि जुलै १७१९ मध्ये येसूबाई सातारला पोहोचल्या. कैदेत गेल्यापासून सुमारे तीस वर्षे लोटली होती. सात वर्षांचे असताना ज्यांचे बोट धरून त्या रायगडावरून उतरल्या, ते शाहू महाराज आता सदतीस वर्षांचे झाले होते.

पुढील आयुष्य त्यांनी सातारला राजमाता म्हणून घालविले. परंतु त्यांच्यासमोर आता निराळेच दुःख होते. ज्या दिरासाठी त्यांनी मुलाचा हक्क मागे ठेवला होता, त्यांचा पुत्र संभाजी कोल्हापूरच्या गादीवर होता, आणि दोन चुलत भावांत वैर पेटले होते. १७३० साली लढाई होऊन सातारकरांचा विजय झाला. जिंकलेल्या पक्षाने सर्वस्व हिरावून घेण्याची रीत त्या काळी होती. शाहू महाराजांनी मात्र हाती आलेल्या राजस्त्रियांना सन्मानाने वागविले, चुलत भावाची सन्मानपूर्वक भेट घेतली आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह करून दोन्ही राज्यांच्या सीमा ठरवून दिल्या. या समेटामागे येसूबाईंची शिकवण व सल्ला होता, असे काही इतिहासकार मानतात. आईने बेचाळीस वर्षांपूर्वी रायगडावर जे केले, ते पाहता मुलाचे हे वागणे त्या घराला साजेसेच होते. याच सुमारास येसूबाईंनी सातारा येथे देह ठेवला. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली येथे त्यांची समाधी दाखविली जाते.

येसूबाईंनी मैदानावर तलवार गाजविली नाही, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला थोड्याच ओळी आल्या. परंतु १६८९ साली त्यांनी मुलाच्या हक्काचा आग्रह धरला असता, तर राजघराणे रायगडावरच दुभंगले असते आणि पुढे वाटणीस राज्यच उरले नसते. आज आपल्या घरांतून, दुकानांतून आणि संस्थांतून वाटणीचे वाद कोर्टापर्यंत जातात. भाऊ भावाच्या दारात जात नाही. तीस-तीस वर्षे तारखा चालतात. तेवढ्याच तीस वर्षांत या मातेने कैद सोसून एक घर आणि एक राज्य राखले. माहुलीच्या संगमावर कधी जाणे झाले, तर तिथे दोन फुले वाहावीत आणि परतताना आपल्या घरातील वृद्ध मातेजवळ घटकाभर बसावे. महाराणी येसूबाईंच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!