बेर्नार्दो ओ'हिगिन्स

बेर्नार्दो ओ'हिगिन्स (२० ऑगस्ट १७७८ – २४ ऑक्टोबर १८४२) हे चिलीच्या स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी आणि १८१७ ते १८२३ या काळात त्या देशाचे सर्वोच्च संचालक होते. ज्या आयरिश आडनावाने ते इतिहासात ओळखले जातात, ते त्यांना जन्मतः मिळालेले नव्हते. वडिलांच्या मृत्यूपर्यंत ते आईचे रिकेल्मे हेच आडनाव लावीत.

जन्म आणि पितृत्व

वडील आंब्रोसियो हे आयर्लंडमधील स्लायगो परगण्यातील कॅथलिक कुटुंबात जन्मले आणि स्पेनच्या राजाच्या चाकरीत चढत गेले. बेर्नार्दोंच्या जन्मसमयी ते साठीकडे झुकलेले लष्करी अधिकारी होते. आई इसाबेल रिकेल्मे ही चिल्यान येथील जमीनदार घराण्यातील तरुणी होती. दोघांचा विवाह झाला नाही. वसाहतीतील अधिकाऱ्यांना स्थानिक स्त्रीशी विवाह करण्यास राजाची परवानगी लागे, हे त्यामागील एक कारण मानले जाते.

मूल आईपासून दूर ताल्का येथे वडिलांच्या पोर्तुगीज व्यापारी मित्राच्या घरी वाढले. तेथे १७८३ साली झालेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत पित्याचे नाव हुद्द्यासह आहे. आईचे नाव मात्र तिच्या अब्रूसाठी वगळलेले आहे. अनौरस मुलांच्या नोंदीत सहसा याच्या उलट आढळते. पुढे बेर्नार्दोंच्या पितृत्वाचा हाच मुख्य लेखी आधार ठरला.

शिक्षण आणि दुरावा

वडील १७८८ मध्ये चिलीचे गव्हर्नर आणि १७९६ मध्ये पेरूचे व्हाइसरॉय झाले. मुलाच्या लिमा, कादिझ व लंडनजवळील रिचमंड येथील शिक्षणाचा खर्च त्यांनी केला, परंतु पितापुत्र एकत्र कधी राहिले नाहीत. युरोपातून मुलाने पाठविलेल्या आर्त पत्रांना उत्तरे येत नसत. लंडनमध्ये क्रांतिकारक फ्रान्सिस्को दे मिरांदा यांच्याशी त्याचा सहवास वाढला. त्याची वार्ता स्पेनच्या दरबारात पोहोचल्यावर वडिलांवरही ठपका आला आणि त्यांनी मुलाचा आश्रय काढून घेतला.

आडनावाचा शोध

१८०१ मध्ये लिमा येथे मृत्यूपूर्वी आंब्रोसियो यांनी लास कांतेरास ही जहागीर बेर्नार्दो रिकेल्मे यांच्या नावे ठेवली, पण मृत्युपत्रात त्यांना पुत्र म्हटले नाही. १८०२ मध्ये मायदेशी परतल्यावर बेर्नार्दोंनी पित्याच्या आडनावावर आणि किताबांवर हक्क सांगितला. आडनाव रूढ झाले. बॅलिनरीचे बॅरन व ओसोर्नोचे मार्क्विस हे किताब मिळाले नाहीत. गंमत अशी की हे उमरावपण वडिलांनीही कागदपत्रांच्याच बळावर उभे केले होते: आपला वंश प्राचीन असल्याचा दाखला त्यांनी डब्लिनच्या वंशावळ अधिकाऱ्याकडून मिळवला होता.

सत्ता आणि निर्वासन

फेब्रुवारी १८१७ मधील चाकाबुकोच्या विजयानंतर ओ'हिगिन्स सर्वोच्च संचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी चिलीतील उमरावी किताब व कुलचिन्हे रद्द केली. उमराव वर्गाच्या रोषाचे हे एक कारण ठरले. ते अविवाहित राहिले. रोसारियो पुगा यांच्यापासून १८१८ मध्ये झालेला देमेत्रिओ हा मुलगा त्यांच्याच घरात वाढला.

जानेवारी १८२३ मध्ये पदत्याग केल्यावर आयर्लंडला जाऊन राहण्याचा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात ते पेरूच्या पुढे गेले नाहीत आणि ज्या लिमा शहरात वडील वारले, तेथेच त्यांचेही निधन झाले. १८६९ मध्ये त्यांचे अवशेष चिलीला आणण्यात आले.