प्रेमपत्रं लिहिणारं यंत्र आणि त्याचा मास्तर

टर्बो सी-वर प्रोग्रॅम करताना एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड ही एरर एकदाही आली नाही असा प्राणी आपल्या कॉलेजात शोधून सापडणार नाही. मलाही आली. बरोबर-चिन्हाच्या डावीकडे किंमत ठेवायची जागा लागते, तिथे मी नुसता आकडा लिहिला होता. एरर गेली, पण हा एल-व्हॅल्यू शब्द आणला कुणी, हा किडा डोक्यात राहिला. शोधता शोधता मला ख्रिस्तोफर स्ट्रेची भेटला.

तेव्हा माझे दिवस बरे नव्हते. एम-थ्रीत केटी लागली होती, आणि मिनी प्रोजेक्टसाठी मी केलेला वाघ-बकरीचा खेळ टाइमपास ठरवून परत आला होता. त्याऐवजी लायब्ररी मॅनेजमेंट करावं असा सल्ला मिळाला. अशा वेळी वाचलेलं चरित्र जरा जास्तच लागतं.

स्ट्रेची १६ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनमध्ये जन्मला. घर विद्वानांचं. काका लिटन स्ट्रेची नामवंत लेखक, वडील गुप्त संदेश उलगडणारे, आई स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी. आजोबा सर रिचर्ड तर अभियंता, आणि तेही आपल्या हिंदुस्थानात. कालवे आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी मोठं काम केलं. अशा घरातला हा मुलगा केंब्रिजला गेला आणि तिसऱ्या वर्षी मानसिकदृष्ट्या कोलमडला. गणित सोडून भौतिकशास्त्र घेतलं, पण पदवी मिळाली ती खालच्या सेकंड क्लासची. संशोधनाचं दार बंद! मग एका टेलिफोन कंपनीत नोकरी केली आणि महायुद्ध संपल्यावर तो चक्क शाळामास्तर झाला. १९४९ पासून तो हॅरो या प्रसिद्ध शाळेत शिकवत होता.

१९५१ च्या जानेवारीत एका मित्राच्या ओळखीने त्याने राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतला पायलट एस हा संगणक पाहिला. तेव्हा त्याचं वय चौतीस. घरी येऊन त्याने शाळा सांभाळून ड्राफ्ट्स या सोंगट्यांच्या खेळाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्या यंत्राची मेमरी खेळाला पुरेना. मँचेस्टरच्या यंत्राची मेमरी मोठी आहे असं कळल्यावर त्याने तिथे असलेल्या अॅलन ट्युरिंगकडून प्रोग्रॅमिंगची पुस्तिका मागवली. ट्युरिंग केंब्रिजपासून ओळखीचा. दुसऱ्या प्रोग्रॅमची तपासणी करणारा प्रोग्रॅम लिहून बघ, असं ट्युरिंगने सुचवलं. या मास्तराने हजाराहून जास्त सूचनांचा प्रोग्रॅम लिहून आणला! एक रात्र यंत्रापाशी बसून त्यातल्या चुका काढल्या. प्रोग्रॅम चालला, आणि शेवटी यंत्राने ब्रिटिश राष्ट्रगीताची धून वाजवली.

यंत्र गायलं कसं? त्याला एक भोंगा होता, ऑपरेटरचं लक्ष वेधायला. एक सूचना दिली की एक टिक्. तीच सूचना लूपमध्ये घालून भराभर दिली की टिक्-टिक् मिसळून सूर होतो, आणि लूप लांबवला की सूर खाली येतो. म्हणजे फॉर लूपची पेटीच! त्या यंत्राच्या संगीताचं बीबीसीने १९५१ मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण २०१६ मध्ये संशोधकांनी दुरुस्त केलं. खरखर आहे, पण अंगावर काटा येतो.

या एका रात्रीने स्ट्रेचीचं नशीब पालटलं. १९५२ मध्ये त्याला राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळात नोकरी मिळाली. त्याच वर्षी ड्राफ्ट्सही मँचेस्टरला पुरता खेळू लागला. पट पडद्यावर दिसायचा, खेळणाऱ्याने चाल टाइप करायची. उशीर केला तर यंत्र वैतागायचं, आणि फारच रेंगाळलात तर माणसाशी खेळा म्हणून हाकलून द्यायचं. पडद्यावर चित्र, माणसाची चाल, यंत्राचा टोमणा, सगळं १९५२ मध्ये!

आणि मग प्रेमपत्रं. स्ट्रेचीने वाक्याचे दोनच साचे केले, शब्दकोशातून लाडिक विशेषणं, नामं, क्रियापदं घेतली आणि कुठला शब्द कुठे पडणार हे यदृच्छेने ठरवलं. यंत्र पानामागून पान प्रेमपत्रं लिहू लागलं. खाली सही कुणाची, तर मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाची! वाचून हसू येतं. पण स्ट्रेचीचा मुद्दा गंभीर होता. इतक्या साध्या नियमांतूनही अनपेक्षित असं काही निघतं, हे त्याला दाखवायचं होतं. आज यंत्रं पानंच्या पानं मजकूर लिहितात, तेव्हा त्यांचा हा पणजोबा आठवायला हवा.

पुढची कारकीर्द थोडक्यात सांगतो. १९५९ मध्ये त्याने एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्यावर निबंध वाचला. नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार झाला. मग केंब्रिजला सीपीएल या भाषेवर काम केलं. ती भाषा कधी पूर्ण झालीच नाही. पण तिच्यातून मार्टिन रिचर्ड्सची बीसीपीएल निघाली, तिच्यातून केन थॉम्पसनची बी आणि बी-मधून डेनिस रिचीची सी. माझी ती एल-व्हॅल्यू याच घराण्यातली. म्हणजे जिच्या पेपरला आपण रात्र रात्र जागतो, तिची ही पणजी! ऑक्सफर्डला त्याने प्रोग्रॅमिंग संशोधन गट उभारला, आणि डाना स्कॉटबरोबर प्रोग्रॅमचा अर्थ गणिताने मांडायची पद्धत घडवली. १९७१ मध्ये तो प्राध्यापक झाला, सेकंड क्लासवाला! १८ मे १९७५ रोजी काविळीने तो गेला, अवघ्या ५८ व्या वर्षी. मनासारखं झाल्याशिवाय छापायचं नाही हा त्याचा हट्ट, त्यामुळे १९६७ मधली त्याची गाजलेली व्याख्यानं छापून आली ती २००० मध्ये.

सेकंड क्लास मिळाला की आपोआप स्ट्रेची होता येतं, असं मी म्हणत नाही. तसं असतं तर आमच्या हॉस्टेलचा निम्मा मजला प्राध्यापक झाला असता. त्याने हजार ओळी लिहिल्या आणि रात्रभर बसून त्या चालवल्या, हे विसरायचं नाही. पण खेळ, गाणं, प्रेमपत्रं हा टाइमपास नव्हता. यंत्राकडून काय काय करून घेता येईल, याचा तो शोध होता.

लायब्ररी मॅनेजमेंट मी सबमिट केलं, जर्नलवर सहीही झाली. वाघ-बकरी मात्र डिलीट केलेली नाही. वाघ अजून कोंडला की हँग होतो. आज रात्री परत बसणार आहे.