श्रीकृष्ण वेलिणकर

लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर (मृत्यू : जून १९१८) हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाकडून लढलेले मुंबईचे वैमानिक होते. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय व एरॉल सेन यांच्यासह त्या युद्धातील चार भारतीय लढाऊ वैमानिकांत त्यांची गणना होते.

पार्श्वभूमी

वेलिणकर यांनी केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिक्षण घेतले. त्या काळी भारतीयाला भारतीय सैन्यात राजाची अधिकारपदाची सनद मिळत नसे. ही बंदी ऑगस्ट १९१७ मध्ये उठली. रॉयल फ्लाइंग कोअरची दारेही सहज उघडली नाहीत. मलिक यांना तर ऑक्सफर्डमधील आपल्या शिक्षकांची रदबदली लागली. अशा परिस्थितीत वेलिणकर या दलात अधिकारी झाले. १ एप्रिल १९१८ रोजी हे दल रॉयल एअर फोर्समध्ये विलीन झाले.

व्यूहबद्ध उड्डाण

वेलिणकर २३व्या स्क्वॉड्रनमध्ये होते. या स्क्वॉड्रनला १९१८ च्या वसंतात स्पॅडऐवजी सॉपविथ डॉल्फिन विमाने मिळाली. एकट्यादुकट्याने शत्रूवर जाण्याचे दिवस तोवर सरले होते. गस्त व्यूहाने घातली जाई आणि व्यूहातून मागे पडलेले विमान हेच वरून झेपावणाऱ्या शत्रूचे पहिले भक्ष्य ठरे. जवळ राहण्यातही धोका होताच. जर्मनीचा नामांकित वैमानिक ओसवाल्ड बोल्के २८ ऑक्टोबर १९१६ रोजी शत्रूच्या गोळीने नव्हे, तर सहकाऱ्याच्या विमानाशी झालेल्या स्पर्शाने मारला गेला.

लढाऊ विमानांत तेव्हा रेडिओ नसे. नायकाचे विमान त्याला बांधलेल्या फितींवरून ओळखायचे. पंख हलविणे किंवा रंगीत दारूचा बार उडविणे हीच आज्ञा. वळताना बाहेरच्या विमानाला लांबचा पल्ला पडे, त्याला वेग वाढवावा लागे; आतल्याला कमी करावा लागे. अंतर वाढल्याचे दिसेपर्यंत थांबणाऱ्याला उशीर झालेला असे, म्हणून इंजिनावरचा हात सतत किंचित मागेपुढे चालता ठेवावा लागे. कॅमल विमानातील फिरत्या इंजिनापेक्षा डॉल्फिनच्या स्थिर, पाण्याने थंड होणाऱ्या हिस्पानो-सुइझा इंजिनावर हे अधिक नेमकेपणाने साधे. मात्र फ्रान्समध्ये बनलेल्या काही इंजिनांचे दंतचक्र निकामी होई आणि मग व्यूह सोडण्यावाचून गत्यंतर नसे.

डॉल्फिनमध्ये वैमानिकाचे डोके वरच्या पंखांमधील मोकळ्या चौकटीतून बाहेर असे. त्यामुळे वरचे व पुढचे आकाश स्वच्छ दिसे आणि सोबत्यांवर नजर ठेवणे सोपे जाई. विमान उतरताना उलटले, तर तेच डोके प्रथम जमिनीवर आदळण्याची भीती असे. शिवाय हा आकार अनोळखी असल्याने दोस्तांच्याच वैमानिकांनी आरंभी काही वेळा डॉल्फिनवर हल्ले केले. पॅराशूट ब्रिटिश वैमानिकांना दिले जात नव्हते.

मृत्यू

जर्मनीच्या वसंतकालीन चढाईनंतर आमियाँ शहराच्या पूर्वेस आघाडी स्थिरावली होती. याच काळात, जून १९१८ मध्ये, वेलिणकर युद्धात कामी आले. फ्रान्समधील हांगार येथील युद्धस्मशानभूमीत त्यांचे दफन आहे. पुढच्याच महिन्यात, २२ जुलै रोजी, दहा विजय नोंदविलेले रॉयही पडले. सेन सप्टेंबर १९१७ मध्येच युद्धकैदी झाले होते. मलिक जखमी होऊनही वाचले व पुढे राजनैतिक सेवेत गेले.

नंतरचा काळ

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी, म्हणजे वेलिणकर यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी झाली. नागरी उड्डाणाचे शिक्षण मुंबईत त्याआधीच, १९२८ मध्ये जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमुळे सुरू झाले होते. याच क्लबचे प्रशिक्षण पुढे खानदेशात, धुळ्याच्या धावपट्टीवर होऊ लागले. तेथील विद्यार्थी नागरी परवान्यासाठी शिकतात. व्यूहबद्ध उड्डाण हा मुख्यतः हवाई दलाच्या प्रशिक्षणाचा विषय आहे.