चित्रांच्या पुस्तकाचे जनक कोमेनियस

मित्रांनो, आपल्या वर्गाच्या पेटीत प्राण्यांची, ताऱ्यांची माहिती देणारी चित्रांची पुस्तकं आहेत. ती आली की आपली ओढाओढ होते. असं पुस्तक मुलांसाठी सुरुवातीला ज्यांनी केलं, त्या थोर शिक्षकाची ही गोष्ट आहे.

त्यांचं नाव योहान आमोस कोमेनियस. त्यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराविया या भागात झाला. तो भाग आता चेक देशात आहे. ते दहा-बारा वर्षांचे असतानाच आई-वडील वारले. सोळाव्या वर्षी ते मोठ्या शाळेत गेले. तेव्हा शाळेत लॅटिन भाषा नुसती घोकायची आणि चुकलं की छड्या खायच्या. अर्थ कोणाला कळत नसे.

पुढे ते स्वतः शिक्षक झाले. पण १६१८ साली मोठं युद्ध सुरू झालं. १६२२ साली प्लेगच्या साथीत त्यांची बायको आणि दोन मुलं गेली. धर्मावरून छळ झाला म्हणून १६२८ साली त्यांना देश सोडावा लागला. ते पोलंडमधल्या लेश्नो गावी राहिले. परत मायदेशी राहायला मिळालंच नाही.

हंगेरीत शिकवताना त्यांनी मुलांसाठी चित्रांचं पुस्तक तयार केलं. पण चित्रं कोरणारा कारागीर तिथे मिळेना. नंतर १६५६ साली युद्धात लेश्नो गाव जळालं. त्यांचं घर आणि पुस्तकं जळाली. चाळीसहून जास्त वर्षं खपून लिहिलेला शब्दकोशही जळाला. तेव्हा ते ६४ वर्षांचे होते. तरी ते खचले नाहीत.

१६५८ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला ते चित्रांचं पुस्तक छापून निघालं. त्याचं नाव 'ऑर्बिस पिक्टस', म्हणजे चित्रातलं जग. त्यात १५० धडे आहेत. अक्षरं शिकायला कावळा, कोकरू, रडणारं बाळ, वारा यांचे आवाज आहेत. शेती, गुरं, मध, गिरणी, भाकरी भाजणारा, लोहार सगळं आहे. चित्रातल्या वस्तूवर आकडा, आणि खाली त्याच आकड्याचा शब्द. म्हणजे आधी बघायचं, मग शिकायचं. पुस्तक पुष्कळ भाषांत गेलं आणि दोनशे वर्षं मुलं त्यावर शिकली.

मुलगा असो की मुलगी, गरीब असो की श्रीमंत, सगळ्यांनी शाळेत जावं असं ते सांगत. १५ नोव्हेंबर १६७० रोजी आम्स्टरडॅमला ते वारले. चेक देशात त्यांच्या जन्मदिवशी शिक्षक दिन असतो.

मी खाली त्यांच्यासारखं बैलगाडीचं चित्र काढलं आहे. १ जू, २ चाक, ३ आरे, ४ धाव. ही नावं मला आजोबांनी सांगितली. पाच नंबरचं नाव मी मोकळं ठेवलंय. ज्याला येतं त्याने लिहावं. पालकांनी पण लिहिलं तर चालेल.

अशा या थोर गुरुजींना माझा नमस्कार.