अजिंठ्याच्या ओल्या भिंती आणि गुलाम याझदानी

चांदूर रेल्वे (प्रतिनिधी) : येथून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने जळगावला उतरले, की अजिंठ्याची वाट धरता येते. तेथील भित्तिचित्रे टिकून राहिली, त्याचे मोठे श्रेय पुरातत्त्ववेत्ते गुलाम याझदानी यांना द्यावे लागते.

याझदानी यांचा जन्म १८८५ मध्ये दिल्लीत झाला. ते अरबी-फारसीचे व्यासंगी अभ्यासक. १९१४ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व विभाग सुरू झाला आणि त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. अजिंठा तेव्हा याच संस्थानात होता.

ही चित्रे थेट कातळावर नाहीत. कातळावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग, अशी ही रचना आहे. पावसाळ्यात माती ओल शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते; मागचा कातळ मात्र त्या मानाने जागचा हलत नाही. शतकानुशतकांच्या या ओढाताणीत गिलावा कातळापासून सुटतो आणि पोपडे गळू लागतात.

यावर उपाय म्हणून १९२० मध्ये लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ अजिंठ्यास आणण्यात आले. दोन हिवाळे त्यांनी सुटलेला गिलावा चिकटवला आणि रंगांवर लाखेचा लेप दिला. पोपडे थांबले. पुढे मात्र लेप पिवळा पडला, काळवंडला. बाष्पाची वाट अडवून तो रंगाचा थरही ओढू लागला. याचा दोष याझदानींना देणे अन्यायाचे होईल. सच्छिद्र पदार्थांत उष्णता आणि ओल एकाच वेळी कशी वाहते, याची समीकरणेच मुळी १९५० च्या दशकात आकाराला आली. आता तापमान व आर्द्रतेच्या नोंदींवरून भिंतीचे गणित आधी मांडता येते, लेपाचा विचार नंतर. वऱ्हाडातील पांढऱ्या मातीच्या जुन्या वाड्यांना सिमेंटचा गिलावा देणाऱ्यांनीही हे गणित पाहावे. सिमेंटमागेही ओल अशीच कोंडते.

याझदानींचे दुसरे काम अधिक टिकाऊ ठरले. १९३० ते १९५५ या काळात त्यांनी अजिंठ्यावरील ग्रंथाचे चार भाग छायाचित्रांसह सिद्ध केले. आजची भिंत त्या चित्रांशी ताडून काय गळाले, हे कळू शकते. १९४३ मध्ये ते निवृत्त झाले, १९५९ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. लाखेचा थर उतरवण्याचे काम त्यानंतरही अनेक वर्षे चालले.