प्लग देणारे वैमानिक



नाशिक फाट्याला दोन मजली उड्डाणपूल आहे. त्याला भारतरत्न जे. आर. डी. टाटा यांचं नाव दिलं आहे. मला वाटायचं, पिंपरीत टाटांचा मोटारींचा कारखाना आहे, म्हणून दिलं असेल. पण माझ्या बाबांनी मला त्यांची एक वेगळीच गोष्ट सांगितली. तीच मी आज लिहिणार आहे.

माझे बाबा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहेत. रविवारी ते आमची जुनी स्कूटर खोलतात. मी पाने हातात देतो आणि ते एकेक भाग दाखवून नाव विचारतात. एकदा त्यांनी बोटाएवढा प्लग दाखवला. प्लगमधून ठिणगी पडते, तेव्हाच पेट्रोल पेटतं. प्लग बिघडला की एवढी मोठी गाडी जागची हलत नाही. तेव्हा ही गोष्ट निघाली.

जे. आर. डी. म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. त्यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिसला झाला. त्यांची आई फ्रेंच होती. सुट्टीत ते फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर राहत. तिथे ब्लेरिओ नावाच्या प्रसिद्ध वैमानिकाचं घर होतं आणि वाळूवर विमानं उतरत. ती बघून छोट्या जहांगीरला विमानाचं वेडच लागलं. पुढे 1929 साली भारतात वैमानिकाचा पहिल्या नंबरचा परवाना त्यांनाच मिळाला.

1930 साली आगाखान यांनी बक्षीस लावलं. भारत ते इंग्लंड किंवा इंग्लंड ते भारत एकट्याने उडत जायचं, बक्षीस 500 पौंड. जे. आर. डी. कराचीहून निघाले. समोरून, म्हणजे इंग्लंडहून, ॲस्पी इंजिनियर नावाचा 17 वर्षांचा मुलगा येत होता. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीर या ठिकाणी दोघांची गाठ पडली. ॲस्पी तिथे अडकून बसला होता. त्याच्याकडे चांगले प्लग नव्हते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा जादा प्लग काढून त्याला दिला. ॲस्पीचं विमान सुरू झालं. तो थोड्याच तासांच्या फरकाने आधी पोहोचला आणि बक्षीस त्यालाच मिळालं! हाच ॲस्पी पुढे मोठा होऊन भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

नंतर 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. पुस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूला उतरले. विमानात रेडिओसुद्धा नव्हता. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. आमच्या आजोबांना ही बैलगाडीची गोष्ट फार आवडली. याच सेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

त्या दिवसाला 50 वर्षं झाली तेव्हा जे. आर. डी. 78 वर्षांचे होते. त्यांनी ठरवलं की पुन्हा तसंच उडायचं. त्यासाठी लेपर्ड मॉथ हे जुनं विमान दुरुस्त करून उडण्याजोगं केलं. 15 ऑक्टोबर 1982 रोजी ते स्वतः विमान चालवत कराचीहून मुंबईला आले.

बाबांनी मला पुस मॉथ आणि लेपर्ड मॉथ यांचे फोटो दाखवले. आधी मला दोन्ही सारखीच वाटली. मग बाबांनी फरक दाखवला. पुस मॉथचे पंख टोकापर्यंत जवळजवळ सारखेच रुंद आहेत, तर लेपर्ड मॉथचे पंख टोकाकडे निमुळते होत जातात. पुस मॉथचा सांगाडा लोखंडी नळ्यांचा आणि वर कापड. लेपर्ड मॉथचं अंग प्लायवूडचं. आता मी झटकन ओळखतो. बाबा म्हणाले की जुनं यंत्र दुरुस्त करायचं तर आधी त्याचा प्रत्येक भाग ओळखता आला पाहिजे, कारण असे भाग दुकानात मिळत नाहीत. कुणाकडे तरी एखादा पडलेला असतो. त्याने दिला, तरच यंत्र चालतं.

हे ऐकून मी गप्प बसलो. त्याचं कारण आज लिहितो. गेल्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या पवनचक्कीला पहिला नंबर मिळाला. त्या दिवशी सकाळी दुसऱ्या गटाची छोटी मोटर जळाली होती. त्यांनी मला विचारलं. माझ्या दप्तरात एक जादा मोटर होती, तरी मी नाही म्हणालो. त्यांचा पंप दिवसभर बंद राहिला. हे कुणालाच माहीत नाही. बाबांनासुद्धा आज ही भिंत वाचूनच कळेल.

जे. आर. डीं.ना 1992 साली भारतरत्न मिळालं आणि 29 नोव्हेंबर 1993 रोजी ते जिनिव्हाला वारले. बक्षीस हुकलं, तरी त्यांनी दिलेल्या प्लगची गोष्ट लोक अजून सांगतात. माझ्या पहिल्या नंबरची गोष्ट मला कुणाला सांगावीशी वाटत नाही.

ती मोटर मी वर्गाच्या कपाटात खडूच्या खोक्याशेजारी ठेवली आहे. ज्याची जळेल, त्याने न विचारता घ्यावी.